प्रस्थानापूर्वीचा व्यत्यय : वैमानिककक्षाच्या इतिहासातील एक प्रकरण

वैजापूर परिसरातील वाचकास विमान-अपघात म्हणताच २६ एप्रिल १९९३ रोजीचा चिकलठाण्याचा प्रसंग आठवावा, हे स्वाभाविक आहे. औरंगाबादेहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) उड्डाण करीत असता इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर आदळले आणि ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमान उशिरा उचलले गेले आणि रस्त्यावरील रहदारी रोखली गेली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तेथील वैमानिकांची चूक धावपट्टीवर घडली. परंतु विमान धावपट्टीवर येण्यापूर्वीच ज्यांचे बीज पडते, अशा चुकांचा एक निराळा वर्ग आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे विमान उड्डाण करताच कोसळले. विमान उभे असता त्याचे नियंत्रक पृष्ठभाग जखडून ठेवणारे कुलूप उड्डाणापूर्वी काढावयाचे राहून गेले होते. वैमानिक मात्र निष्णात होते. केवळ स्मरणावर विसंबू नये, हा बोध घेऊन पुढे लेखी तपासणी-यादी रूढ झाली. १९८१ मध्ये अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकले. विमान जमिनीवर चालत असता, उड्डाण व अवतरण करताना आणि सामान्यतः १०,००० फुटांखाली उडत असता अनावश्यक संभाषणास मनाई करण्यात आली.

तथापि या नियमाने गप्पांना आळा बसला, तरी कामाच्याच बोलण्याने येणारा व्यत्यय शिल्लक राहिला. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे धावपट्टी बदलल्याच्या सूचनांच्या गडबडीत यादीचे वाचन राहिले. पंखांचे फ्लॅप न उघडताच विमान उडाले आणि १५६ माणसे दगावली. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे एका बिघाडामुळे विमान परत फिरले होते व उशीर झाला होता. यादीत फ्लॅपची पाळी येताच कप्तानाने सहवैमानिकास मार्गक्रमणाची परवानगी मागण्यास सांगितले, आणि ती नोंद तपासावयाची राहिली. पुढे अंतिम तपासणीत सहवैमानिकाने फ्लॅपचा ‘११’ हा अपेक्षित अंक उच्चारला. फ्लॅप मात्र मिटलेलेच होते. १५४ जणांचा अंत झाला.

भाषाभ्यासकास येथे विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. तपासणी-यादी हा प्रश्नोत्तरांचा संवाद होय. प्रश्न, यंत्राकडे दृष्टी आणि उत्तर या तिहींची साखळी अखंड असेल तोवरच उत्तरास अर्थ असतो. साखळी तुटली की सवय मधली दृष्टी गाळते. शब्द जिभेवर येतो, वस्तूशी असलेला त्याचा संबंध मात्र सुटतो. शिवाय कालच्या शंभर उड्डाणांत केलेली कृती आजही केलीच आहे, असे स्मृती खुशाल सांगते.

म्हणूनच व्यत्यय आल्यास यादी पुन्हा आरंभापासून वाचावी, असा दंडक सांगितला जातो. पाढे म्हणताना मध्येच टोकले, तर मूल ‘बे एके बे’ पासून पुन्हा सुरुवात करते. निष्णातास मात्र आपण कोठे थांबलो होतो हे ठाऊक आहे असे वाटते. वरील इतिहासात घात झाला तो या खात्रीनेच.