लिनक्सवाल्यांची आचारसंहिता

आचारसंहिता म्हटले की आपल्याकडे फक्त निवडणूक आठवते. कापडाने झाकलेले फलक, अडकलेली उद्घाटने आणि 'आचारसंहिता संपल्यावर या' म्हणणारे कचेरीतले कारकून. मलाही तेच आठवायचे. पण गेल्या गणपतीत नात घरी आली आणि तिच्या तोंडून हाच शब्द वेगळ्याच संदर्भात ऐकला. ती पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करते, हे आमच्या घरच्या वाचकांना ठाऊक आहेच. आरती झाल्यावर मोदक खात म्हणाली, "आजोबा, मी लिनक्सला माझा पहिला पॅच पाठवला. पाठवायच्या आधी दोन रात्री झोप नव्हती."

"का? चूक निघेल म्हणून?"

"चूक निघणारच. भीती शिव्यांची होती."

मी चाट पडलो. जगभरातले हुशार लोक एकत्र येऊन काम करतात आणि तिथे शिव्या? मग तिने जे सांगितले, त्यावर मी पुढचा महिनाभर वाचत बसलो. इतिहास शिकवायची खोड जात नाही मंडळी, तेव्हा आज हाच धडा.

आधी पार्श्वभूमी. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, तेच लिनक्स. तो कोणालाही फुकट वाचता येतो, बदलता येतो आणि बदल परत पाठवता येतो. त्या बदलाला म्हणायचे पॅच, म्हणजे ठिगळच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात हेच कर्नेल आहे. हजारो लोक ठिगळे पाठवतात, प्रत्येक विभागाचा एक मेंटेनर ती तपासतो आणि सगळ्यांच्या वर टोरवाल्ड्स. हा सगळा व्यवहार ई-मेलने आणि उघड चालतो. म्हणजे तुमची चूक निघाली तर ती जगासमोर निघते आणि कायमची नोंदली जाते. फळ्यावर गणित चुकले तर तास संपल्यावर फळा पुसतात. इथे पुसणे नाही.

टोरवाल्ड्स यांचा एक नियम कडक आणि माझ्या मते रास्त आहे. कर्नेलमध्ये काहीही सुधारणा करा, पण तिच्यामुळे लोकांचे चालू असलेले प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. २०१२ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, एका मेंटेनरच्या बदलामुळे काही प्रोग्राम बिघडले आणि त्याने दोष प्रोग्रामांवरच ढकलला. टोरवाल्ड्स भडकले. त्यांनी सर्वांसमोर त्याला जे लिहिले ते मी इथे टंकू शकत नाही. तोंड बंद कर, याच्या आधी आणि नंतर जे काही लावता येईल ते सगळे, आणि नियम मोठ्या अक्षरांत. इंग्रजीत लिहून ओरडायची ती पद्धत. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. म्हणूनच हे प्रकरण गुंतागुंतीचे झाले. चुकीच्या मुद्द्यावर ओरडणाऱ्याला गप्प करणे सोपे असते.

जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या शार्प यांनी (आज त्या व्यक्तीचे नाव सेज शार्प) उघडपणे सांगितले की हे चालणार नाही, कोणाचाही असा अपमान होता कामा नये. टोरवाल्ड्स यांचे उत्तर वाचण्यासारखे आहे. मतलब असा, की मी घरी झगा घालून बसून काम करतो. मी टाय लावणार नाही आणि खोटी सभ्यताही पांघरणार नाही. कचेरीतले गोड बोलून पाठीत सुरा खुपसणारे राजकारण मला नको.

हे वाचून मी पुस्तक मिटतात तसा संगणक मिटला, कारण हे वाक्य माझे होते. शिक्षकांच्या खोलीत मी ते किती वेळा बोललो असेन. "मी तोंडावर बोलतो, पाठीमागे नाही." १९८३ च्या सुमारास नववीच्या वर्गात एका मुलाने शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर निबंध लिहिला होता. सनावळ्या चुकल्या होत्या, पण कल्पना त्याची स्वतःची होती. मी वर्गात तो मोठ्याने वाचून दाखवला. वाचून दाखवला म्हणजे नक्कल करत. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. सन बरोबर असलाच पाहिजे, हा माझा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. त्या मुलाने नंतर दोन वर्षांत माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. हे माझ्या लक्षात आले होते का? आले होते. मी त्याचा अर्थ 'आता नीट अभ्यास करतो' असा घेतला होता. असो.

तर लिनक्सकडे वळू. मार्च २०१५ मध्ये कर्नेलमध्ये एक छोटी फाइल आली. नाव 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट'. कंडक्ट नव्हे, कॉन्फ्लिक्ट. म्हणजे आचाराची नव्हे, भांडणाची संहिता! ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती आणली आणि बऱ्याच नामवंत मेंटेनरांनी तिच्याखाली नावे घातली. आशय एवढाच, की तुमच्या कामाची चिरफाड होणार, ती मनाला लावून घेऊ नका. तरीही कोणाला व्यक्तिगत अपमान किंवा धमकी वाटली तर ते मान्य नाही, लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवा. आणि शेवटी, एकमेकांशी चांगले वागा. वर्गात 'सर्वांनी शिस्तीत राहावे' असा तक्ता लावतात ना, त्याच जातीचे हे. कोणते वागणे चालत नाही याची यादी नाही, तक्रार आल्यावर मंडळ काय करणार ते स्पष्ट नाही, आणि सगळ्यांत मोठा ओरडणारा तर सगळ्यांच्या वर बसलेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शार्प यांनी जाहीर केले की आपण कर्नेलचे काम थांबवले आहे. तांत्रिक बाबतीत मान आहे, पण माणूस म्हणून मान मागायची सोय नाही, अशा ठिकाणी राहता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फाइल सहा-सात महिन्यांची झाली होती.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, ती मला नातीने दाखवली. सगळे कर्नेल काही एका साच्याचे नव्हते. ग्राफिक्सचे काम करणाऱ्या विभागाने २०१७ मध्येच फ्रीडेस्कटॉप या संस्थेची रीतसर आचारसंहिता लागू केली होती आणि त्यांचे काम काही अडले नव्हते. मोठ्या वाड्यात एका बिऱ्हाडाने आधीच आपले अंगण सारवून घेतले होते म्हणायचे.

मग आला १६ सप्टेंबर २०१८ चा रविवार. ४.१९ या आवृत्तीचा चौथा कच्चा मसुदा जाहीर करताना टोरवाल्ड्स यांनी त्याच ई-मेलमध्ये माफी मागितली. सुरुवात झाली होती एका साध्या घोळापासून. मेंटेनरांची वार्षिक बैठक व्हँकुव्हरला ठरली होती आणि त्याच तारखांना यांनी चुकून कुटुंबाबरोबर सहलीचे आरक्षण केले होते. बैठकच एडिंबरोला हलवली गेली. या घोळात त्यांना स्वतःशी कबूल करावे लागले की बैठकीला जावे लागणार नाही, याचा आपल्याला आनंद झाला होता. आणि आपल्याला माणसे नीट कळत नाहीत ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे टाळत आलो. आपले ई-मेलमधले हल्ले अनाठायी होते, विशेषतः जिथे ते व्यक्तीवर गेले, असे त्यांनी लिहिले. मी रजा घेतो, दुसऱ्याच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो, असेही. आणि एक गंमत: शिवी असलेला ई-मेल बाहेरच जाणार नाही अशी चाळणी बसवता येईल का बघतो म्हणाले. प्रोग्रामर तो प्रोग्रामरच!

त्याच दिवशी 'भांडणाची संहिता' गेली आणि 'कोड ऑफ कंडक्ट' आला. पण हा मजकूर कर्नेलवाल्यांनी लिहिलेला नव्हता. कोरालिन अडा एम्के यांनी २०१४ मध्ये 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' नावाची संहिता लिहिली होती, अनेक प्रकल्पांनी ती घेतली होती, तिची १.४ ही आवृत्ती इथे आणली गेली. बदलाच्या टिपणात सरळ कबुली होती, की जुन्या संहितेने सभ्यता वाढवायचे काम केले नाही.

वादळ उठले. मला त्यात दोन वेगळी माणसे दिसतात. एकाला सभ्यताच नको होती; हुशारीवर चालणाऱ्या जागेत राजकारण घुसले म्हणून तो ओरडत होता. काहींनी तर आपला कोड परत घेण्याची भाषा केली. याची मला फारशी काळजी वाटत नाही. लिनक्स थांबले नाही, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येतच राहिली. दुसऱ्या माणसाची तक्रार मात्र खरी होती: साध्या एका ओळीच्या पॅचवर आपण आठवडाभर चर्चा करतो आणि हा एवढा बदल कोणालाही न विचारता एका दिवसात? हजारो जणांना लागू होणारा नियम एका रविवारी वरून उतरला, हे मलाही पटत नाही. शाळेत अशी परिपत्रके आम्ही फार पाहिली.

आणि उसना नियम अंगाला बसतही नाही. कव्हनंटमध्ये म्हटले होते की दुसऱ्याचा ई-मेल पत्ता परवानगीशिवाय प्रसिद्ध करणे हे गैरवर्तन. आता कर्नेलमध्ये प्रत्येक पॅचवर पाठवणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा पत्ता असतोच, नव्हे, असावाच लागतो. म्हणजे रोजचे काम करणारा प्रत्येक जण गुन्हेगार! मग शब्द घालावे लागले, की प्रकल्प एरवी जे पत्ते गोळा करत नाही त्यांच्यापुरतेच हे कलम. वाचायला कंटाळवाणे आहे, पण मला हीच दुरुस्ती सगळ्यांत आवडली. नियम आपला झाला तो तेव्हा, शाल पांघरली तेव्हा नव्हे.

ऑक्टोबरात संहितेबरोबर एक स्पष्टीकरणाचा दस्तऐवज जोडला गेला. त्यात तटस्थ मध्यस्थ म्हणून मिशी चौधरी या भारतीय वकील बाईंचे नाव होते. २२ ऑक्टोबर २०१८ ला ४.१९ आवृत्ती क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली आणि चाव्या परत टोरवाल्ड्स यांच्या हाती दिल्या.

इथे सिनेमा संपला असता. खरा प्रश्न सहा वर्षांनी आला: नियम मोडला तर काय? सप्टेंबर २०२४ मध्ये बीकॅशएफएस ही फाइल सिस्टीम लिहिणाऱ्या विकासकाने दुसऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला, डोके तपासून घे आणि चालता हो, अशा अर्थाचे उघडपणे लिहिले. मधे एक अपशब्द. समितीने जाहीर माफी मागायला सांगितले, त्यावरून प्रकरण ताणले गेले. नोव्हेंबरात त्या स्पष्टीकरणाच्या दस्तऐवजात पायऱ्या लिहिल्या गेल्या. आधी झाले ते सुधारायचा प्रयत्न, जाहीर माफी. तेवढ्याने भागले नाही तर काही काळ पॅच नाकारणे, संपर्क थांबवणे. पण त्यासाठी तांत्रिक मंडळाच्या मतदानात दोनतृतीयांश पाठिंबा हवा. त्याच सुमारास ६.१३ आवृत्तीच्या पूर्ण काळात त्या विकासकाचे काम स्वीकारायचे नाही, असे ठरले. माणूस कर्तबगार, त्याच्या फाइल सिस्टीमवर विसंबलेले लोक होते. त्यांना याची झळ बसलीच. त्यांचा त्यात काय दोष, याचे उत्तर मला कुठे सापडले नाही.

टोरवाल्ड्स संत झाले असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उशिरा आलेल्या एका कामाला त्यांनी जाहीरपणे कचरा म्हटले. कामाला म्हटले, माणसाला नाही, असे मी नातीला म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, ज्याने ते काम केलं त्याला विचारा."

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने १ एप्रिल २०१० पासून मुलांना मारण्यावर आणि त्यांचा मानसिक छळ करण्यावर बंदी आली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. जुने सहकारी भेटले की 'आता शिस्त संपली' म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. छडीचेच बोलायचो आम्ही. त्या कलमातला मानसिक छळ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. निबंधाची नक्कल त्यात बसते.

नातीच्या पॅचला उत्तर आले ते तिने मला दाखवले. तीन चुका काढल्या होत्या, एक तर चांगलीच मोठी. वाकडा शब्द एकही नव्हता. मी त्या निबंधाची गोष्ट तेव्हाच तिला सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या मुलाला तक्रार करायची असती तर कुठे केली असती?"

"मुख्याध्यापकांकडे."

"आणि ते कसे होते?"

ते माझ्याहून कडक होते, आणि ती नक्कल ऐकून तेही हसले असते.

तिचा सुधारलेला पॅच दिवाळीनंतर जाणार आहे. स्वीकारला गेला की कळवतोच.