सही घेतली की झालं? रेडिओ डॉक्युमेंटरी, यवतमाळ आणि रेकॉर्ड केलेला आवाज

फील्डवर्कला निघण्याआधी बरेच जण एकच प्रश्न विचारतात: संमतिपत्रावर सही घेतली की झालं ना? मौखिक इतिहास असो वा रेडिओ डॉक्युमेंटरी, दोन्हीकडे याचं उत्तर "नाही" असंच आहे. का, ते यवतमाळचं उदाहरण घेऊन पाहू.

1 जुलै 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यातलाच एक जिल्हा. त्या काळात आणि नंतरही, शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या घरांत माईक आणि कॅमेरे पोचत राहिले. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे मिनिटभराचा आवाज हवा असतो. त्या घरासाठी मात्र आपण काय बोलतो याला सरकारदरबारी किंमत होती. राज्य सरकारची 1 लाख रुपयांची मदत मिळायची, पण प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. नापिकी आणि थकलेलं कर्ज हे निकष. कर्जही बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं हवं. पात्र-अपात्र ठरवायचं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने.

आता समजा, मुलाखतीत त्या घरातली बाई बोलता बोलता म्हणाली की पैसे खरं तर नात्यातल्या एकाकडून उसने घेतले होते. डॉक्युमेंटरी करणाऱ्याला हे वाक्य सोन्यासारखं वाटेल. खरं आहे, न ठरवता आलेलं आहे. पण प्रकरण अजून समितीपुढे असेल तर? सही तिने मुलाखतीआधी केलेली. आपण काय बोलून जाणार हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. न बोललेल्या वाक्याला आगाऊ संमती देता येत नाही, अडचण इथे आहे.

हा पेच रेडिओला सुरुवातीपासून नव्हता, कारण सुरुवातीला रेडिओवर असे आवाज फारसे नव्हतेच. नागपूर केंद्र सुरू झालं 16 जुलै 1948 ला. त्या काळात डॉक्युमेंटरीच्या जवळचा प्रकार म्हणजे 'रूपक'. लेखक माहिती गोळा करायचा, संहिता लिहायचा आणि स्टुडिओत कलाकार ती वाचायचे. रूपकातला शेतकरी बहुधा नटच असायचा. रेकॉर्डिंगची यंत्रं जड होती, त्यामुळे माईकला गावात नेण्यापेक्षा गाव संहितेत लिहिणं सोपं होतं. यात खऱ्या माणसाचं वाक्य कापलं जाण्याचा धोका नव्हता, पण खरा माणूसही नव्हता.

सहज नेता येणारा टेपरेकॉर्डर आला आणि चित्र बदललं. याचं गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. 1957 मध्ये जॉन ॲक्सन हा इंजिन ड्रायव्हर ब्रेक निकामी झालेली गाडी न सोडता अपघातात गेला. बीबीसीचे चार्ल्स पार्कर आणि गायक इवन मॅककॉल यांनी त्याच्या सहकाऱ्यांना आणि पत्नीला रेकॉर्ड केलं. आधी विचार होता की हे टेप कच्चा माल म्हणून वापरायचे आणि भूमिका नटांना द्यायच्या. टेप ऐकल्यावर लक्षात आलं की रेल्वे कामगारांच्या बोलण्याची सर नटांना येणार नाही. 2 जुलै 1958 ला प्रसारित झालेल्या कार्यक्रमात मूळ आवाजच वापरले. तंत्रात ही मोठी झेप होती. पण आता माणूस स्वतः बोलत होता आणि त्यातलं काय ठेवायचं हे संपादनाच्या टेबलावर दुसरंच कुणी ठरवत होतं. आपण आजही त्याच टेबलाशी बसलेलो आहोत.

वेगळी वाट महाराष्ट्रातच दिसली होती, तीही दोन वर्षं आधी. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे, सुमारे 150 गावं, 20 कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि आपलं म्हणणं, शंका, प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळायची. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना करून या प्रयोगाचा अभ्यास केला. ही डॉक्युमेंटरी नव्हती आणि विषयही वरूनच ठरायचे. पण ऐकणाऱ्याला उलट बोलता येतं, ही गोष्ट कार्यक्रमाच्या रचनेतच होती. यवतमाळ या प्रयोगात नव्हतं. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तो मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझा मुद्दा स्पष्ट होतो. 1958 ने आपल्याला खऱ्या आवाजाची ताकद दाखवली. 1956 ने दाखवलं की ऐकवणं आणि उत्तर घेणं हाही कामाचाच भाग आहे. बहुतेक जण पहिला धडा घेतात, दुसरा विसरतात.

कारागिरीचे साधे वाटणारे निर्णयही याच प्रश्नाशी येऊन थांबतात. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' घ्या. तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. 2006 मधल्या प्रसंगामागे कुणी साउंड लायब्ररीतली वाफेच्या इंजिनाची शिट्टी टाकली, तर ऐकायला छानच लागेल, पण ते खोटं आहे. छापील मजकुरातली चुकीची तारीख आपण पकडतो, आवाजातली चुकीची तारीख कानाआड जाते.

भाषेचंही तसंच. यवतमाळात वऱ्हाडी आहे, बंजारा आहे, गोंडी आहे, कोलामी आहे. कोलाम बाईच्या आवाजावर प्रमाण मराठीतला अनुवाद पहिल्या शब्दापासून चढवला, की आपण तिला परत 'रूपकात' पाठवतो. तिचं एखादं तरी वाक्य मोकळं ऐकू द्या, मग अनुवाद येऊ द्या. आणि अनुवाद बरोबर आहे का, हे ती भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

मग करायचं काय? संमती दोनदा घ्या. एकदा रेकॉर्डिंगआधी आणि एकदा संपादन झाल्यावर, तो तुकडा त्या माणसाला ऐकवून. नुसता त्याचा तुकडा नको, त्याच्या आधी आणि नंतर काय येतं तेही ऐकवा, कारण अर्थ तिथे बदलतो. "हे काढा" म्हणाले तर काढा. "हे कुणी ऐकलं तर तुम्हाला काही अडचण होईल का?" हा प्रश्न समोरून विचारा. समिती, बँक, सासर, गाव अशी नावं घेऊन विचारा, मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं.

यात वेळ जातो, पुन्हा एसटीने गाव गाठावं लागतं, आणि कधी कधी सगळ्यात चांगलं वाक्य हातचं जातं. प्रबंधाच्या वेळापत्रकात ही दुसरी फेरी आत्ताच लिहून ठेवा. नंतर तिला जागा उरत नाही.