तबकडी गेली, डबी उरली

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. फळ बाजारात गेले तरी खोके दुसऱ्या कामाला लागते, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाचे मात्र तसे झाले नाही.

ग्रामोफोनची जुनी तबकडी मुख्यतः लाख आणि दगडाची पूड यांची असे, वेष्टन साध्या कागदाचे. कागद फाटे, तबकडी फुटली तरी तिचा चुरा नव्या तबकडीत मिसळता येई. १९४२ साली युद्धामुळे हिंदुस्थानची लाख दुर्मिळ झाली, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या याचसाठी गोळा केल्या गेल्या.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तिच्याबरोबर पॉलिस्टायरीनची पारदर्शक डबी. ठिसूळ खरी, पण कुजत नाही. आता गाणी भ्रमणध्वनीत गेली, डब्या कपाटात राहिल्या. हे प्लास्टिकही वितळते. परंतु घरोघरच्या दहावीस डब्या वेचावयास कोण येणार?

तेव्हा उपाय घरचाच. झाकण मागे वळवून डबी उभी केली की मेजावरील दिनदर्शिकेला बैठक मिळते. शेतकऱ्याला तर ती अधिकच सोयीची: ओल्या टिपकागदावर तुरीचे दाणे मांडावेत, झाकण लावावे, किती उगवले ते न उघडताच मोजता येते.