उद्यानाखालील पाणी : मुंबईच्या जलव्यवस्थेच्या आच्छादनाचा एक विचार

ज्या यंत्रणांच्या बळावर नगर जगते, त्या नागरिकांच्या दृष्टीआड ठेवण्याची प्रवृत्ती आधुनिक नगररचनेत वारंवार आढळते. लंडनमधील लेन्स्टर गार्डन्स या रस्त्यावर वाफेच्या भुयारी रेल्वेसाठी खणलेली उघडी खाच झाकण्याकरिता १८६० नंतरच्या दशकात दोन घरांचे केवळ दर्शनी भाग उभारण्यात आले. त्यांना खिडक्या आहेत, दारे आहेत. मागे खोल्या मात्र नाहीत. कॅनडातील टोरांटो शहरात विसाव्या शतकात अनेक वीज-उपकेंद्रांना राहत्या घरांचे रूप देण्यात आले. मुंबईने याच प्रकारच्या कामासाठी घराऐवजी बाग निवडली. मलबार टेकडीवरील फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘हँगिंग गार्डन’, हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

या बागेचा इतिहास वस्तुतः टंचाईचा इतिहास आहे. चहूकडे खारे पाणी असलेल्या या बेटांची तहान दीर्घकाळ विहिरी व तलाव यांवर भागत होती. १८५४ च्या टंचाईनंतर हा मार्ग पुरेनासा झाल्याचे उघड झाले आणि हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पूर्ण झाले. वाढत्या वस्तीस तेही अपुरे पडू लागल्यावर १८७९ मध्ये तुळशी तलाव सिद्ध झाला. तुळशीची पातळी विहारपेक्षा पुष्कळ वरची आहे. या गोष्टीचे महत्त्व नकाशावर एकाएकी लक्षात येत नाही. पाणी स्वतःच्या भाराने वाहते, आणि ते जितक्या उंचीवरून निघेल तितक्या उंच वस्तीपर्यंत पोचू शकते. म्हणून शहरातील टेकड्यांवर मोठ्या टाक्या बांधून त्यांत पाणी साठवावयाचे आणि ठराविक वेळी ते खालच्या वस्त्यांत सोडावयाचे, अशी पद्धती रूढ झाली. माझगावची भंडारवाडा टेकडी व मलबार टेकडी ही त्या पद्धतीची दोन प्रमुख ठाणी होत. मलबार टेकडीवरील टाकी १८८७ ची समजली जाते. तिची क्षमता सुमारे १४.७ कोटी लिटर असून दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागास तिच्यातून पाणी मिळते.

ही टाकी उघडी न ठेवता तिच्यावर छत का घातले, याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जवळच पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. तेथील गिधाडांमुळे पाणी दूषित होऊ नये म्हणून टाकी झाकली, असे सांगितले जाते. ही कथा मनोरंजक खरी. परंतु तिच्यावाचूनही छताचे कारण स्पष्ट होते. साठवणीचे पाणी उन्हात राहिले की त्यात शेवाळ धरते, धूळ व पाखरांची विष्ठा पडते. तेव्हा छत ही आरोग्याची गरज होती. छतावर माती आणि मातीवर हिरवळ मात्र निराळ्या गरजेतून आली. मलबार टेकडी ही गव्हर्नरांच्या निवासाची व धनिकांच्या बंगल्यांची जागा. अशा शेजारात दगडी छताचा उजाड माळ कोणास रुचला असता? अशा छतावर मातीचा थर फार जाड ठेवता येत नाही, खोल मुळे तर घातकच. त्यामुळे तेथे शोभतात ती कातरून पशुपक्ष्यांचे आकार दिलेली झुडपे. मुलांना मोह घालणारे हे हिरवे प्राणी एका परीने स्थापत्याच्या मर्यादेची खूणच आहेत. भंडारवाड्याच्या टाकीवरही बाग असून तिला आज जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे. म्हणजे मलबार टेकडीचा प्रकार एकाकी नव्हे.

नावांचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये. ‘हँगिंग गार्डन’ हा शब्द बाबिलोनच्या प्रसिद्ध बागांवरून आला, हे सर्वांस ठाऊक आहे. बाग ‘लटकते’ म्हणजे काय करते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या इंग्रजी शब्दामागे लॅटिन ‘पेन्सिलिस’ आहे. त्याचा अर्थ केवळ लोंबणारे असा नसून, कमानींवर वा खांबांवर तोललेले, खाली पोकळी असलेले, असाही होतो. या अर्थाने पाहता मुंबईच्या बागेचे नाव अक्षरशः खरे आहे. आच्छादनाखाली काय आहे ते नावच सांगते. परंतु अर्थ विसरला गेल्यामुळे ते कोणास ऐकू येत नाही. फिरोजशाह मेहता यांना मुंबईच्या नागरी स्वराज्याचे जनक मानले जाते. त्यांचे नाव हिरवळीस लाभले, पाण्याच्या टाकीस नव्हे.

पुण्याची रीत याच्या अगदी उलट होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजहून आणलेले पाणी जमिनीखालील बांधीव नळातून येई. पण शहरात पोचताच ते हौदांच्या रूपाने प्रकट होई. मार्गावरील हवेच्या झरोक्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत, जणू नळ हा सजीव प्राणीच. ‘हौद’ हा अरबीतून आलेला शब्द पुणेकरांनी इतका आपला केला की पेठांतील ठिकाणे त्याच्यावरून ओळखली जाऊ लागली. हौद उघडा असल्यामुळे त्यावर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये, हेही उघड होते. अन्याय चव्हाट्यावर असला की त्यास आव्हानही चव्हाट्यावरच देता येते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, या कृतीचा अर्थ साऱ्या पुण्यास कळला तो याच कारणाने. झाकलेल्या टाकीपाशी असा प्रसंग उद्भवत नाही. तिचे पाणी कोणत्या चाळीस किती वेळ आणि कोणत्या बंगल्यास किती वेळ मिळते, हे बागेत फिरणाऱ्यास दिसत नाही.

आच्छादन नेहमी हेतुपुरस्सरच असते असेही नाही. भंडारा जिल्ह्यात करडी, लाखनी, साकोली या बाजूंस फिरणाऱ्या परक्या माणसास ‘मामा तलाव’ हा शब्द ऐकून एखाद्या मामाची गोष्ट आठवेल. तो खरे पाहता ‘माजी मालगुजारी’ या सरकारी संज्ञेचा संक्षेप आहे. मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला व तलाव शासनाकडे आले. कागदावरील दोन ‘मा’ लोकव्यवहारात नात्याचे नाव होऊन बसले. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांच्या पाळीवर झाडोरा इतका वाढला आहे की पाहणाऱ्यास तो निसर्गनिर्मित सरोवराचा काठ वाटावा. पाळ व तुडूम ही मनुष्याची करणी आहे, तिला दरवर्षी हात लागावा लागतो, ही जाणीव मालकी बदलताच क्षीण झाली. गाळ साचत गेला. येथे कोणी काही लपविले नव्हते. काळाने आणि शब्दाने ते काम केले.

मलबार टेकडीवर हा प्रश्न २०२३ मध्ये तीव्र स्वरूपात उभा राहिला. जुनी टाकी पाडून अधिक क्षमतेची नवी बांधण्याची सुमारे ६९८ कोटी रुपयांची योजना महानगरपालिकेने पुढे आणली. तीत ३८९ वृक्षांना बाध येणार होता. रहिवाशांनी कडवा विरोध केला. तो केवळ सुखवस्तूंचा हट्ट होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाग ही खरोखर सार्वजनिक झाली होती आणि टाकी पाडण्याइतकी जीर्ण आहे काय, हा प्रश्न रास्त होता. तथापि वादाचा प्रारंभ झाडांपासून झाला, पाण्यापासून नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या गिरगाव-कुलाब्याच्या नळांस हे पाणी येते, तेथील आवाज त्या मानाने क्षीण राहिला. पुढे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापकांचा समावेश असलेली तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. टाकीची पाहणी करावयाची तर तिचे कप्पे आळीपाळीने रिकामे करून आत उतरावे लागते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हिरवळीखाली असलेल्या भिंती व खांब त्या निमित्ताने चर्चेचा विषय झाले. २०२४ मध्ये पुनर्बांधणीची योजना मागे पडून दुरुस्तीचा मार्ग स्वीकारण्यात आला.