दूरदर्शकाची निवड : परावर्ती की प्रणमनी

भिंगाने प्रकाशाचे प्रणमन करून प्रतिमा मिळविणारा तो प्रणमनी दूरदर्शक आणि अंतर्वक्र आरशाच्या साह्याने ती मिळविणारा तो परावर्ती दूरदर्शक. या दोहोंतून एक निवडण्याचा प्रश्न हौशी ज्योतिर्विदांपुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्येच परावर्ती दूरदर्शक तयार केला होता. तथापि त्या काळचा आरसा तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचा असे. तो जड असून पडलेल्या प्रकाशाचा सु. दोन-तृतीयांश भागच परावर्तित करी व काही काळाने काळवंडे. त्यास पुन्हा झिलई देणे म्हणजे आरशाचा आकार नव्याने साधणेच होय. हे काम विल्यम हर्शेल यांच्यासारख्यांनाच जमे. उलट जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये अवर्णक वस्तुभिंगाचे एकस्व मिळविल्यानंतर प्रणमनी दूरदर्शक वर्षानुवर्षे फारशी देखभाल न करता वापरता येई. ऐपत असलेला निरीक्षक साहजिकच तोच घेई.

श्टाइनहाइल व फूको यांनी १८५६-५७ च्या सुमारास काचेच्या आरशावर चांदीचा थर देण्याची पद्धत दूरदर्शकासाठी वापरली आणि हे चित्र पालटले. चांदी काळवंडली, तर ती काढून नवा थर देता येई. काचेचा आकार अबाधित राही. शिवाय अवर्णक वस्तुभिंगास निर्दोष काच व चार पृष्ठभागांचे घासकाम लागे, तर मुख्य आरशास एकच पृष्ठभाग पुरे. व्यास वाढला की किंमतींतील तफावत फारच वाढे.

या संक्रमणाचे बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील हार्डविक (हेरफर्डशर) येथील धर्मोपदेशक टॉमस विल्यम वेब (१८०७–८५). हौशी निरीक्षकांसाठी त्यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका प्रामुख्याने ९·४ सेंमी. व्यासाच्या प्रणमनी दूरदर्शकावरील अनुभवावर आधारलेली होती. पुढे ते ॲल्व्हन क्लार्क यांनी घडविलेला १४ सेंमी. भिंगाचा दूरदर्शक वापरीत. साठीच्या उंबरठ्यावर मात्र त्यांनी हेरफर्ड येथील शिक्षक जॉर्ज हेन्री विथ यांनी घासलेला २३·७ सेंमी. व्यासाचा आरसा स्वीकारला. प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ यामुळे जवळजवळ तिप्पट झाले. वेब यांचे मित्र डॉज यांच्या नियमानुसार (११·६ भागिले सेंमी. मधील व्यास) तारकायुग्मांतील विभेदनाची मर्यादाही ०·८३ विकलांवरून ०·४९ विकलांवर आली, अर्थात हवा स्थिर असेल तरच.

उतारवयात ही निवड अधिकच समर्थनीय ठरते. तरुणपणी काळोखात सु. ७ मिमी. होणारी बाहुली साठीनंतर बहुधा ५ मिमी.च्या आसपासच विस्फारते. त्यामुळे अंधुक तेजोमेघांसाठी मोठ्या व्यासाचे मोल वाढते. नेत्रभिंग पिवळसर झाल्याने जांभळा प्रकाश कमी जाणवतो. म्हणजे प्रणमनी दूरदर्शकाची जांभळी कडा, जी तरुणास खटकते, ती वृद्धास क्वचितच सतावते. आरशाची वर्णशुद्धता हा त्याच्या दृष्टीने दुय्यम लाभ होय. बसण्याची सोय हा खरा कळीचा मुद्दा. खस्वस्तिकाजवळचा तारा प्रणमनी दूरदर्शकातून पाहताना मान मोडते, त्यावर काटकोनी लोलकाचा उपाय आहे. न्यूटनीय दूरदर्शकात मान सरळ राहते. परंतु दोन मी. केंद्रांतराच्या नळीची नेत्रिका वरच्या टोकाशी असल्याने काळोखात घडवंचीवर चढावे लागते.

ग्रहांच्या पृष्ठावरील सूक्ष्म खुणांसाठी प्रणमनी दूरदर्शकाचा कैवार घेणारे निरीक्षक पुढेही राहिले, कारण परावर्ती दूरदर्शकातील दुय्यम आरसा प्रकाशमार्गात येऊन प्रतिमेचा उठाव कमी करतो. चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा टिकाऊ थर १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आला आणि वारंवार मुलामा देण्याचा त्रास बराचसा संपला.