प्रकाश-मासेमारी

प्रकाश-मासेमारी : अंधाऱ्या रात्री कृत्रिम प्रकाशाने मासे व इतर जलचर एका जागी आणून ते पकडण्याची पद्धती. पेटत्या टेंभ्यापासून पाण्यात बुडविलेल्या विजेच्या दिव्यापर्यंत तिच्या साधनांचा विकास झाला आहे. प्रकाश स्वतः मासे पकडीत नाही. तो त्यांना फक्त गोळा करतो. त्यामुळे या पद्धतीचे परिणाम दिव्याची शक्ती व त्याच्या जोडीला वापरलेले जाळे या दोहोंवर अवलंबून असतात.

तत्त्व : तारली, बांगडा यांसारखे थव्याने राहणारे मासे व माकूळ प्रकाशाकडे ओढले जातात. या प्रवृत्तीस धन प्रकाशानुचलन म्हणतात. दिव्याभोवती सूक्ष्म प्लवक जमतात व ते खाण्यासाठीही लहान मासे येतात. त्यांच्यामागून मोठे मासे येतात. याउलट, वाम वर्गातील कित्येक मासे उजेड टाळतात. चांदण्या रात्री दिव्याचा प्रभाव कमी होत असल्याने अमावास्येच्या आसपासच्या रात्री अधिक अनुकूल असतात.

पाण्यावर धरलेल्या दिव्याचा काही प्रकाश पृष्ठभागावरून परावर्तित होतो व काही लाटांमुळे विखुरतो. दिवा पाण्याखाली सोडल्यास ही हानी टळते. तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. स्वच्छ सागरी पाण्यात निळा, तर किनाऱ्याजवळच्या पाण्यात हिरवा प्रकाश अधिक दूर जातो. दौंड-काष्टी परिसरातून वाहत जाणाऱ्या भीमेवरील उजनी जलाशयासारख्या शेवाळयुक्त पाण्यात मात्र कोणताही प्रकाश थोड्याच अंतरावर विरतो.

इतिहास : अग्नीच्या उजेडात रात्री मासे पकडण्याची रीत प्राचीन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो (इ. स. पू. सु. ४२८–३४८) याच्या सॉफिस्ट या संवादात तिचा उल्लेख आहे. भूमध्य समुद्रातील ‘लांपारा’ जाळ्याचे नावच दिव्यावरून पडले आहे. जपानमध्ये माकूळ पकडण्यासाठी नौकांवर अग्नी पेटवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅल्शियम कार्बाइडाचे उत्पादन सुरू झाल्यावर ॲसिटिलीन दिवे आले. त्यांच्या पाठोपाठ विसाव्या शतकाच्या आरंभी दाबाने रॉकेल जाळणाऱ्या बत्त्या प्रचारात आल्या. पाण्याखालच्या विजेच्या दिव्यांचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग १९५०–६० या दशकात सोव्हिएट मच्छीमारांनी कॅस्पियन समुद्रात केला. बुडविलेल्या दिव्याभोवती जमलेले किल्का हे लहान मासे शंकूच्या आकाराच्या जाळ्याने अथवा थेट पंपाने नौकेवर ओढले जात.

कोकणात या पद्धतीचे साधे रूप पावसाळ्याच्या आरंभी दिसते. पहिल्या मोठ्या पावसानंतर अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून व शेतांतून वर चढणारे मासे रात्री पकडतात. यांस चढणीचे मासे व रायगड जिल्ह्यात वलगणीचे मासे म्हणतात. त्यासाठी पूर्वी चूड पेटवीत. पुढे कंदील, पेट्रोमॅक्स व विजेरी वापरात आली. येथे उजेडाचा उपयोग मुख्यतः मासे दिसावेत म्हणून होतो, त्यांना दुरून बोलाविण्यासाठी नव्हे.

घरगुती दिवे : हौशी व लहान मच्छीमार पाण्याखालचे दिवे स्वतः बनवितात. जुन्या रचनेत रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत तप्त तंतूचा दिवा बसवून तोंड डांबराने वा मेणाने बंद करीत. बाटलीत हवा असल्याने ती बुडविण्यास शिशाचे वजन लागे. शिवाय तापलेली काच थंड पाण्यात तडकत असे. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (‘एलईडी’) जपानमध्ये १९९० नंतर तयार झाला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळे दिव्याची रचना सोपी झाली. असे द्विप्रस्थ धातूच्या नळीवर चिकटवून वर पारदर्शक एपॉक्सी रेझिनाचा थर दिला, की पाणी आत शिरत नाही व उष्णता धातूतून पाण्यात जाते. १२ व्होल्ट दाबावर १२ वॉटचा दिवा सु. १ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून ४० अँपिअर-तास धारितेच्या विद्युत् घटमालेवर तो रात्रभर सहज चालतो. तारेचा सांधा हा सर्वांत कच्चा भाग होय, कारण खाऱ्या पाण्याने तांबे लवकर गंजते. जनित्रावरील उच्च दाबाचे दिवे पाण्यात सोडणे प्राणघातक ठरू शकते.

परिणाम व नियमन : एलईडीमुळे थोड्या खर्चात तीव्र प्रकाश मिळू लागला व जनित्रावर चालणारे प्रखर दिवे मोठ्या पर्ससीन नौकांवर आले. दिव्याखाली जमलेला थवा अशा जाळ्याने एकाच फेऱ्यात वेढता येतो; त्यात अंडी न घातलेले लहान मासेही सापडतात. किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढावयाची व मिळकत वाटून घ्यावयाची रापण, किनाऱ्याकडे येणाऱ्या थव्यांवरच अवलंबून असते. थवे खोल समुद्रातच अडविले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार असून सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत यावरून संघर्ष झाले. महाराष्ट्र शासनाने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वये २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात यांत्रिक व मोटार बसविलेल्या नौकांवरून ट्रॉल, पर्ससीन व गिलजाळ्यांसाठी पृष्ठभागावरील वा पाण्याखालील कृत्रिम दिवे वापरण्यास बंदी केली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे (सु. २२ किमी.) नियमन राज्यांकडे आहे, महाराष्ट्राने आपला अधिनियम २०२१ मध्ये अधिक कडक केला.

या बंदीची अंमलबजावणी अवघड आहे. दिवा स्वस्त असतो, कोठेही बनविता येतो व गस्तीनौका दिसताच तो मालवून किंवा उतरवून ठेवता येतो. चुडीच्या उजेडाला माणसाच्या नजरेची व हाताची मर्यादा होती. ती मर्यादा साधनाने ओलांडल्यावर तिची जागा नियमाने घ्यावी लागली. हा नियम समुद्रात पाळला गेला, तरच रापणीच्या जाळ्यापर्यंत थवे पोहोचू शकतील.