खुणेची अंगठी

अंगठी लोखंडाची, वर सोन्याचा मुलामा. खड्यावर बैल कोरलाय की बोकड, ते हातात धरणाऱ्या कोळसेवाल्याला ओळखता येत नाही. टाकून दिलेल्या एका तान्ह्या बाळाजवळ ती सापडलेली असते. अथेन्सच्या मेनँडरने इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला रचलेल्या 'एपित्रेपोन्तेस' या सुखात्मिकेतली ही अंगठी. तिच्यावरून बाळाचा बाप सापडतो आणि नाटकाचा शेवट गोड होतो.

ती हरवली कशी? तावरोपोलिया या आर्तेमिस देवीच्या रात्रीच्या जत्रेत दारूच्या नशेत खारिसिओसने एका अनोळखी मुलीवर बलात्कार केला, तेव्हा. पुढे त्याचं लग्न झालं ते नकळत त्याच मुलीशी, पाम्फिलेशी. पाचव्या महिन्यात ती बाळंत झाली हे कळताच तो तिलाच दोषी धरून घर सोडतो.

हा कथाबंध मेनँडरचा नव्हे. अ‍ॅरिस्टोफनीसच्या प्राचीन चरित्रात या बंधाचं श्रेय त्याच्या 'कोकालोस' या आता हरवलेल्या नाटकाला दिलंय. सातिरोस हा चरित्रकार आणखी मागे जातो: कुमारिकांवरचे बलात्कार, अंगठ्या-हारांवरून पटणारी ओळख हे सारं शोकात्मिका लिहिणाऱ्या युरिपिडीसने पूर्णत्वाला नेलं, असं तो सांगतो. मला सातिरोसचं पटतं. युरिपिडीसच्या 'इऑन'मध्ये अपोलो देव क्रेउसावर अत्याचार करतो, ती बाळ टाकून देते आणि पुढे टोपलीतल्या खुणांवरून मायलेकरांची ओळख पटते. पण तिथे क्रेउसा भर रंगमंचावर त्या देवावर आरोप करते. सुखात्मिकेने खुणा उचलल्या, देवाच्या जागी शेजारचा तरुण आणला. हा आरोप मात्र घेतला नाही.

सुखात्मिकेच्या गोड शेवटामागे कायदाही होता. इ.स.पूर्व 451 पासून आई आणि बाप दोघेही अथेनी असतील तरच मूल नागरिक ठरे. म्हणून बापाचा शोध महत्त्वाचा. त्याचं त्या मुलीशीच लग्न असलं की प्रश्न सुटला असं धरलं जाई.

'एपित्रेपोन्तेस'चा मोठा भाग 1905 साली इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला. त्या रात्रीचं खरं वर्णन त्यात हाब्रोतोनोन करते, भाड्याने आणलेली वीणावादक दासी. जत्रेत तीही होती. एक मुलगी एकटीच रडत, केस उपटत धावत आली, तिचं तलम वस्त्र पार चिंध्या झालं होतं, हे तिला आठवतं. बाकीचे अंगठी बघत असतात. मुलीकडे बघितलेलं असतं ते हिनेच. म्हणून मला ती या नाटकातलं सगळ्यात मोठं माणूस वाटते. पुढे पाम्फिलेला ओळखतेही तीच. खारिसिओसला आपला दुटप्पीपणा उमगतो, पण तो पाम्फिलेचं बापाशी चाललेलं बोलणं चोरून ऐकल्यावर.

अंगठी पुढे रोमला गेली. इ.स.पूर्व 165 मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या टेरेन्सच्या 'हेकिरा'त ती मुलीचीच आहे. बलात्कार करताना नायक पाम्फिलसने ती तिच्या बोटातून ओढून काढली आणि आपल्या गणिकेला देऊन टाकली. ती पुन्हा ओळखली जाते, संसार सावरतो, आणि झालेली गोष्ट वडीलधाऱ्यांना सांगायची नाही असं तो ठरवतो. जिची ती अंगठी, ती त्याची बायको फिलुमेना नाटकभर एकदाही रंगमंचावर येत नाही.